जडत्व आधी की गुरुत्वाकर्षण? सातवीच्या दोन तासिकांसाठी प्रयोग सुचवा

डबलबेल (सातारा तालुका)

सातवीचा वर्ग, 38 मुलं. शनिवारी 35-35 मिनिटांच्या दोन तासिका सलग मिळतात. त्यात गुरुत्वाकर्षण आणि जडत्व दोन्ही मुलांच्या हातानं करून घ्यायचंय. शाळेत ताणकाटा एक, मीटरपट्टी एक, मोबाईल दोन. बाकी सामान हार्डवेअरच्या दुकानात नाहीतर घरात मिळेल असंच सांगा.

अडतं ते असं. "जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी पडते" हे मुलं पेपरात बरोबर लिहितात. मैदानावर आल्यावर मात्र विचारतात, "पण मॅडम, जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते ना?" आता हे तर खरंच आहे! मग "नाही रे, सारखीच पडते" म्हणून गप्प बसवणं बरं वाटत नाही.

दुसरं, एसटीचा ब्रेक. जवळपास सगळ्या वह्यांत "जडत्वाचा धक्का बसतो म्हणून आपण पुढे पडतो" असंच सापडतं.

तिसरं, पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून, म्हणजे 3 मीटरवरून, चेंडू सोडून मोबाईलच्या स्टॉपवॉचनं g (गुरुत्व त्वरण, मीटर/सेकंद² मध्ये) काढला की 7 पासून 13 पर्यंत काहीही येतं. मुलं म्हणतात प्रयोगच चुकीचा.

शिवाय आधी काय घ्यावं, जडत्व की गुरुत्वाकर्षण?


लोलक (कराड)

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते सगळ्यात सोपं.

प्रयोग चुकीचा नाही, घड्याळ दाबणारं बोट उशिरा चालतं. 3 मीटरवरून चेंडू 0.78 सेकंदात खाली येतो. वेळ 0.1 सेकंदानं कमी मोजली गेली की g येतो 13, आणि 0.14 सेकंदानं जास्त मोजली की 7. माणसाचा प्रतिसादच 0.2 सेकंदाच्या आसपास असतो, त्यात सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणजे वेळेतली चूक g मध्ये दुप्पट होऊन उतरते. इतक्या थोड्या उंचीवर स्टॉपवॉच हे हत्यारच नाही.

लोलक लावा. दारावरच्या खिळ्याला साधा सुती दोरा, टोकाला एक मोठा नट. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत 99 सेंटिमीटर. नट 10 सेंटिमीटर बाजूला घेऊन सोडायचा, ढकलायचा नाही. 20 आंदोलनांना जवळजवळ 40 सेकंद लागतात. आता बोट 0.2 सेकंद चुकलं तरी 40 मधलं ते अर्धा टक्का, म्हणजे g मध्ये एक टक्का. आपल्याकडे g सुमारे 9.78 आहे. विषुववृत्तापासून आपण फार लांब नाही आणि समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर वर आहोत, म्हणून पुस्तकातल्या 9.8 पेक्षा केसभर कमी. ध्रुवावर 9.83.

यात मुलं हमखास चुकतात त्या जागा: लांबी गाठीपर्यंत मोजतात, नटाच्या मध्यापर्यंत नाही. नायलॉनचा दोरा घेतला तर तो ताणतो. आणि सगळ्यात जास्त घोळ मोजणीत. नट सोडताना "एक" म्हणतात. सोडताना "शून्य" म्हणायचं, परत त्याच बाजूला आला की "एक". नाहीतर 20 च्या जागी 19 च आंदोलनं मोजली जातात आणि g दहा टक्क्यांनी फुगतो. गवंड्याचा ओळंबा वापरायचा मोह होतो, पण तो निमुळता असल्यानं त्याचा मध्य चटकन सापडत नाही.

पडण्याचा वेग वाढत जातो हे मात्र घड्याळाशिवाय, नुसत्या कानानं दाखवता येतं. नटांच्या दोन माळा करा. पहिल्या दोऱ्यात पाच नट या अंतरांवर: 0, 15, 60, 135, 240 सेंटिमीटर. दुसऱ्यात सारख्या अंतरावर: 0, 60, 120, 180, 240. स्टीलची थाळी जमिनीवर पालथी घाला. एकानं टेबलावर उभं राहून माळ सरळ लोंबती धरायची, सगळ्यात खालचा नट थाळीला जेमतेम टेकलेला. माळ डोलायची थांबली की हात सोडायचा.

पहिली माळ वाजते टक, टक, टक, टक. एका ठेक्यात. दुसरी वाजते टक… टक, टक-टक, नुसती घाई. अंतरं सारखी ठेवली की ठेका बिघडतो. अंतरं 1, 4, 9, 16 च्या पटीत वाढवली की ठेका सारखा, दोन आवाजांमध्ये सुमारे 0.175 सेकंद. मुलांना आधी दुसरी माळ ऐकवा, मग विचारा की ठेका सारखा करायचा तर नट कुठं बांधाल. कुणीतरी "वरचे लांब-लांब बांधा" म्हणतंच. तिथून 1, 4, 9 पर्यंत नेणं अवघड नाही.

थाळी फार झणझणते आणि आवाज एकमेकांत मिसळतात, म्हणून तिच्याखाली पोत्याची घडी घाला. नट नुसता ओवू नका, भोकातून दोन वेढे देऊन बांधा, नाहीतर दोन वेळा सोडल्यावर अंतरं सरकलेली असतात.


कडबाकुट्टी (खटाव)

जडत्व आधी. यात दुमत असायचं कारण नाही, कारण मॅडमच्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच जडत्वात आहे.

मुलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हे त्यांना सांगून टाका. फळ्यावर गुळाची 10 किलोची ढेप काढा आणि शेजारी 1 किलोचा खडा. पृथ्वी ढेपेला ओढते 98 न्यूटन बलानं, खड्याला 9.8. दहापट. पण ढेप हलवायला अवघडही दहापट. म्हणजे दहापट ओढ आणि दहापट आळस. 98 भागिले 10 आणि 9.8 भागिले 1, दोन्हीकडे उत्तर 9.8. वस्तुमान दोन्ही बाजूंना काम करतं: ओढही त्यानंच वाढते आणि हलायची नाराजीही, म्हणजे जडत्वही, त्यानंच. हे एकदा फळ्यावर भागून दाखवलं की "जड वस्तूला जास्त ओढते ना?" याला "हो, आणि तरीही" असं उत्तर देता येतं.

"हलायची नाराजी" ही वजनाहून वेगळी गोष्ट आहे हे मात्र आधी हाताला कळलं पाहिजे. मुलांच्या डोक्यात जड म्हणजे उचलायला जड. त्यासाठी हॅक्सॉचं पातं वापरा.

एक फुटाचं लवचिक पातं घ्या. कडक जातीचं नको, ते मोडतं. दातांवर आधी चिकटपट्टी गुंडाळा. पातं टेबलाच्या काठाला सी-क्लॅम्पनं असं आवळायचं की 22 सेंटिमीटर बाहेर राहील आणि पात्याची कड वर असेल, म्हणजे ते डावी-उजवीकडे हलेल, वर-खाली नाही. हे महत्त्वाचं. आडवं हलतंय म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्या हालचालीशी संबंध नाही, परत आणणारं बल फक्त पात्याच्या ताठपणाचं. टोकाला 50 ग्रॅम नट चिकटपट्टीनं घट्ट बांधा, 3 सेंटिमीटर बाजूला ओढून सोडा, 20 हेलकाव्यांची वेळ घ्या. मग 100 ग्रॅम, मग 200. 100 ग्रॅमला एक हेलकावा साधारण अर्ध्या सेकंदाचा येतो. पातं जाड-पातळ असेल तसा थोडा फरक. वस्तुमान चौपट केलं की वेळ दुप्पट. उचलायचा प्रश्नच नाही, पातंच वजन पेलतंय, तरी जास्त वस्तुमान आळशीपणा करतं. हे यंत्र अंतराळयानात नेलं तरी तिथंही असंच चालेल, ताणकाटा मात्र तिथं शून्य दाखवेल.

क्लॅम्प टेबलावर सैल असेल तर सगळं व्यर्थ, टेबलच हलतं.

त्यानंतर दगड आणि दोन दोरे. अर्धा किलोचा दगड शिलाईच्या सुती दोऱ्यानं टांगा, खालीही तसाच दोरा बांधा. खालचा दोरा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्याच्यावर दगडाचं वजन अधिक तुमची ओढ. झटक्यानं ओढला तर खालचा तुटतो, कारण दगड जागचा हलेपर्यंत खेळ संपलेला असतो आणि वरच्या दोऱ्याला ताण पोचतच नाही. पॉलिस्टरचा दोरा नको, तो ताणतो आणि तुटत नाही. झटका अर्धवट दिला की कोणताही तुटू शकतो, म्हणून आधी स्वतः पाच-सहा वेळा करून हात बसवा. दगडाखाली वाळूचं घमेलं ठेवा आणि पाय बाहेर.

कॅरमच्या सोंगट्यांची चळत आणि स्ट्रायकर सगळ्यांना माहीतच आहे. एवढंच की चळत सहा-सात सोंगट्यांची ठेवा, पावडर भरपूर, आणि स्ट्रायकर जोरात. हळू मारला की घर्षणाला वेळ मिळतो आणि चळत कोसळते.

माण-खटावकडच्या मुलांना आणखी एक विचारा: कडबाकुट्टीचं चाक फिरवायला सुरुवातीला जीव जातो, आणि फिरायला लागलं की कडबा कापतानासुद्धा मुठीला फार जोर का लागत नाही? आणि मूठ सोडल्यावर चाक लगेच थांबत का नाही? एवढं जाड ओतीव चाक बसवण्याचं कारणच ते.


घाटवळण (सातारा)

एसटीबद्दल. "जडत्वाचा धक्का" हे वाक्य वहीत दिसलं की लाल शाई वापराच. जडत्व हे बल नाही, त्यानं कुणाला धक्का बसत नाही. ब्रेक लागला म्हणजे बस हळू झाली. प्रवासी होता त्याच वेगानं चालला. धक्का देतो तो समोरचा दांडा, तोही मागे. पाय फरशीला घर्षणानं अडकलेले असतात म्हणून पाय बसबरोबर हळू होतात आणि धड पुढे जातं. हे वाक्य कर्त्यासकट लिहून घ्या: "बस थांबली, मी थांबलो नाही."

वळणावर याहून जास्त गोंधळ होतो. यवतेश्वरच्या घाटात बस डावीकडे वळली की उजव्या खिडकीशी बसलेला मुलगा पत्र्यावर दाबला जातो आणि म्हणतो मला बाहेर ढकललं. कुणीच ढकललं नाही. तो सरळ निघाला होता, बसचा पत्रा आडवा आला. पत्रा त्याला आत, डावीकडे ढकलतो, म्हणून तो बसबरोबर वळतो. सातवीत केंद्रोत्सारी (वळताना बाहेर ढकलतं असं म्हणतात ते बल) हा शब्द अजिबात काढू नका. फळ्यावर वरून बघितल्यासारखा रस्ता काढा, मुलासाठी सरळ तुटक रेघ, बससाठी वाकडी. दोन रेघा जिथं भेटतात तिथं पत्रा.

यावर एक झकास, फुकटचा प्रयोग: एक लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरा, फक्त वाटाण्याएवढा बुडबुडा राहू द्या, झाकण घट्ट. बाटली टेबलावर आडवी ठेवून पुढे ढकलली तर बुडबुडा कुठं जाईल? सगळी मुलं "मागे" म्हणतील. जातो पुढे. आळशी आहे ते पाणी. ते मागे साचतं आणि हलक्या बुडबुड्याला पुढे हुसकावतं. थांबवताना बुडबुडा मागे येतो. बाटली खोबणीखोबणीची असली तर बुडबुडा अडकून बसतो, म्हणून सरळ भिंतीची बाटली शोधा, आणि टेबल पातळीत आहे का ते आधी बघा.

पावसाळ्यात शिकवत असाल तर मुलं पाटणजवळच्या सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याचं विचारणारच. तिथं गुरुत्वाकर्षण उलटं नाही. दरीतून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि पाण्याचे थेंब उचलतो. स्थिर हवेत मोठा थेंबही सेकंदाला सुमारे 9 मीटरपेक्षा वेगानं पडत नाही, बारीक त्याहून कितीतरी हळू. वर चढणारा वारा त्याहून जोरात असला की थेंब वर. त्याच कड्यावरून दगड सोडला तर मुकाट्यानं खालीच जाईल. (सोडू नका, खाली माणसं असतात.) वारा पडला की धबधबाही सुलटा.


डबलबेल

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. दोन शंका.

पातं लावून बघितलं. 50 ग्रॅमला 20 हेलकावे 7.5 सेकंदांत, 200 ग्रॅमला 13.8. दुप्पट म्हणजे 15 यायला हवे होते ना?

आणि वही-कागदाचा प्रयोग कुणीच का सुचवला नाही? वहीवर कागद ठेवून सोडला की दोन्ही बरोबर पडतात.


कडबाकुट्टी

13.8 चं कारण दोन ठिकाणी आहे. एक, पात्याचं स्वतःचंही वस्तुमान हेलकावे घेतं. बाहेरच्या भागाचा सुमारे पाव हिस्सा, म्हणजे तीन-चार ग्रॅम, दोन्ही वेळा धरायला हवा. त्यामुळे 2 ऐवजी 1.95 पट येणार, म्हणजे 14.6 सेकंद. उरलेली चूक बांधणीतली असणार. 200 ग्रॅमचा गठ्ठा मोठा होतो आणि चिकटवताना त्याचा मध्य क्लॅम्पकडे सरकतो. 22 मधला 1 सेंटिमीटर आत आला तरी वेळ सात टक्के घटते. पात्यावर पेननं खूण करा आणि गठ्ठ्याचा मध्य दरवेळी त्याच खुणेवर आणा. नट पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून बांधा, नाहीतर पातं पिळतं.


लोलक

वही-कागद मुद्दाम टाळला. हुशार मुलगा म्हणतो, "वहीच्या मागं हवा ओढली गेली, तिनं कागद खेचला," आणि त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. त्यापेक्षा एकाच मापाचे दोन कागद घ्या, एक तसाच, दुसऱ्याचा घट्ट बोळा. वजन तेच, तरी बोळा आधी पडतो. मग तोच बोळा आणि नट एकत्र सोडा, खांद्याच्या उंचीवरून. पहिल्यात वजन सारखं असून वेळ वेगळी, दुसऱ्यात वजन वेगळं असून वेळ जवळपास सारखी. फरक करते ती हवा, हे मुलं स्वतःच बोलतात. थर्माकोलचा गोळा घेऊ नका, तो दीड मीटरमध्येही मागे पडलेला दिसतो आणि पुन्हा पहिले पाढे.

वर्गात टीव्ही असेल तर अपोलो 15 चा व्हिडिओ दाखवा. ऑगस्ट 1971 मध्ये डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. हवा नाही, दोन्ही बरोबर टेकतात. सावकाश पडतात ते व्हिडिओ हळू केलाय म्हणून नव्हे. तिथं गुरुत्व त्वरण 1.62 आहे, आपल्या एक षष्ठांश.


कृष्णाकाठ (सांगली)

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी दहा मिनिटं ठेवा, कारण कुणीतरी विचारणारच: मग चंद्र का पडत नाही?

पडतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आपल्यापेक्षा साठपट लांब, म्हणून तिथं ओढ 60 गुणिले 60, म्हणजे 3600 पट कमी. 9.8 ला 3600 नं भागा: 0.0027. एका सेकंदात चंद्र पृथ्वीकडे सुमारे 1.4 मिलिमीटर पडतो, आणि तेवढ्याच वेळात जडत्वानं आडवा जातो एक किलोमीटर. आडवं जाणं आणि पडणं यांची बेरीज म्हणजे त्याची वाट. नुसतं गुरुत्वाकर्षण असतं तर तो आपल्यावर आदळला असता, नुसतं जडत्व असतं तर सरळ निघून गेला असता. म्हणूनच हे दोन धडे वेगळे शिकवू नयेत असं माझं ठाम मत.

मुलांना मिलिमीटर पटत नसेल तर जमिनीवर आणा. आपण एका सेकंदात 4.9 मीटर पडतो. पृथ्वीचा पृष्ठभाग 7.9 किलोमीटर गेल्यावर सरळ रेषेपासून तेवढाच, 4.9 मीटर, खाली वाकतो. सांगली ते मिरज अंतर साधारण त्याच घरातलं. म्हणजे हवा आणि डोंगर नसते आणि चेंडू सेकंदात इथून मिरज गाठेल एवढ्या वेगानं फेकला असता, तर तो पडत राहिला असता पण जमीन त्याला सापडलीच नसती.

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं" हे तिथल्या तिथं खोडा. अंतराळ स्थानक 400 किलोमीटरवर आहे, तिथं g अजून 8.7 च्या आसपास असतो. अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक आणि ते एकत्रच पडत असतात. दाखवायला बाटली पुरे. प्लॅस्टिकच्या एक लिटर बाटलीला तळाजवळ गरम खिळ्यानं 4-5 मिलिमीटरचं भोक पाडा, बोटानं दाबून पाणी भरा. बोट काढलं की धार लागते. आता 2 मीटरवरून सोडा, खाली टब. पडतानाच्या त्या 0.64 सेकंदात धार बंद. पाणी आणि बाटली एकाच त्वरणानं पडतात, पाणी तळावर दाब देत नाही, मग भोकातून बाहेर कशाला येईल? नुसत्या डोळ्यांना निसटतं. एका मोबाईलवर स्लो-मोशन लावून ठेवा, मागे काळं कापड.

मग बाटली हलकेच वर उडवा आणि आधी विचारा, वर जाताना धार लागेल का? हात सुटल्या क्षणापासून वर जातानाही बंदच असते, कारण हातातून सुटलेली वस्तू वर जात असली तरी तिचं त्वरण खालीच असतं. इथं मोठीसुद्धा चुकतात.


डबलबेल

कृष्णाकाठ, बाटली आत्ता करून बघितली. भोक पाच मिलिमीटरचं आहे, तरी हातात धरल्यावरच धार लागत नाही, दोन थेंब येऊन थांबते. सोडायची वेळच येत नाही.


कृष्णाकाठ

मॅडम, झाकण काढा.